एका दमात

“...आणि टेकडीमार्गे सीमानाक्याला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक स—”

आणि पुढे नुसती हवा. भोंग्यातून फुस्स झालं, मग खाकरणं, मग पुन्हा फुस्स. खाली बसस्थानकात पिशव्या उचलून तयार असलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

“सहा म्हणाल्या का सात?”

“स म्हणाल्या.”

“अहो, नुसत्या सला काय जाळायचंय?”

निम्मी माणसं सहावर पळाली, निम्मी सातवर. गाडी सातवर होती. सहावर पळालेले एक आजोबा भलत्याच गाडीत जाऊन खिडकीपाशी ऐसपैस बसले, आणि त्यांना उतरवता उतरवता कंडक्टरच्या नाकी नऊ आले.

“भोंग्यात पाणी शिरलं वाटतं!” एक ड्रायव्हर खालून ओरडला आणि सगळे हसले.

वर काचेच्या खोलीत भोंगाबाईंनी लाल बटण बंद केलं आणि गळ्याला हात लावून त्या बसून राहिल्या. हसण्याचं त्यांना काही वाटलं नाही. ‘भोंगा’ हे नाव ठेवलं होतं याच मंडळींनी, आणि तेही प्रेमानं. कागदोपत्री त्या उद्घोषक होत्या, पण तो शब्द बोलताना निम्म्या स्थानकाची बोबडी वळायची. म्हणून भोंगाबाई. त्यांना पाहिलेली माणसं थोडी, पण ऐकलेलं अख्खं गाव. बाजारात त्यांनी “पाव किलो द्या” म्हटलं की भाजीवाली चमकून वर बघायची. “अगंबाई, तुम्ही होय!”

बाईंची ख्याती होती ती सीमानाक्याच्या गाडीसाठी. “जुना पूल, लाकूडवखार, वीटभट्टी, धरण वसाहत, खालचा घाट, वरचा घाट, मोठा दवाखाना आणि टेकडीमार्गे सीमानाक्याला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे.” हे सगळं एका दमात. मध्ये श्वास नाही, घाई नाही, आणि ‘लागलेली आहे’ला आवाज ‘जुना पूल’ला होता तसाच्या तसा. नवे ड्रायव्हर पैज लावायचे की आज बाई मध्ये थांबणार. हरायचे. आणि हे बाई करायच्या ते लहानपणापासूनचा दमा छातीत बाळगून! दमेकरी बाई आणि बोलते एका दमात, ही स्थानकातली जुनी कोटी. ती पहिल्यांदा केली सीमानाक्याच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरनं. पुढे बाईंनी त्याच्याशीच लग्न केलं.

“मी आधी आवाजावर भाळलो,” तो सगळ्यांना सांगायचा. “चेहरा नंतर बघितला. तोवर उशीर झाला होता.”

त्या काळात हा गडी कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलेला असायचा. निवेदन सुरू झालं तरी ढिम्म हलायचा नाही. ‘लागलेली आहे’ ऐकलं की मात्र कप खाली, शर्ट आत, आणि निघाला. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तो निवृत्त होऊन घरी बसला होता, आणि बाईंच्या आवाजानंही गेली तीन-चार वर्षं तसाच दगा द्यायला सुरुवात केली होती. आधी सकाळचा थोडा घोगरेपणा. मग दिवसभर. मग एखादा शब्द मध्येच गिळला जायचा. ज्येष्ठमध झालं, कोमट पाणी झालं, कमी बोलून झालं. कमी बोलणं हा तर त्यांच्या नोकरीतला विनोदच होता.

औषधपाण्यात बाई कुठे कमी पडत नव्हत्या. त्यांच्याकडे दोन पंप होते. निळा पंप दम लागला की ओढायचा. खाकी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, दम लागो न लागो. खाकी पंप दिला मोठ्या डॉक्टरांनी. डॉक्टर भारी हुशार, पण कायम एक पाय दाराबाहेर. बाहेर पडता पडता त्यांनी बजावलं होतं, “पंप घेतला की तोंड धुवायचं. विसरायचं नाही.” बाई कधी म्हणजे कधी विसरल्या नाहीत. पंप दाबायचा, श्वास धरायचा, हळूच सोडायचा आणि सरळ बेसिनपाशी जाऊन साबण लावून तोंड धुवायचं. कपाळ, गाल, कानामागे, हनुवटी. ओठ मात्र घट्ट मिटलेले. कारण आईची ताकीद होती, “औषधावर पाणी म्हणजे पेरणीवर पूर.” लहानपणी खोकल्याचं कडू औषध घेतल्यावर किती रडलं तरी आईनं पाण्याचा पेला हाती लागू दिला नव्हता.

“औषध जातंय छातीत, साबण कशाला तोंडाला?” यजमान विचारायचे.

“डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही आपली गाडी चालवा.”

त्या दिवशी सहा-सातचा घोळ झाल्यावर आगारप्रमुख साहेब जिना चढून वर आले. साहेब तसे भले होते. रागावले की जास्तच हळू बोलायचे.

“बाई, खाली दोन पक्ष झालेत. सहावाले आणि सातवाले.”

“घसा जरा बसलाय, साहेब.”

“बसलाय? झोपलाय.” त्यांनी खुर्ची ओढली. “तुम्हाला सांगायचंच होतं. पुढच्या महिन्यात यंत्र येतंय. आवाज एकदा भरून ठेवायचा, मग यंत्र आपलं आपण बोलणार. तुमचीही वर्षअखेरीला निवृत्ती. माझ्या मनात होतं, आवाज तुमचाच राहावा. लोकांच्या कानात बसलाय. पण हा असा भरला तर लोक म्हणतील, स्थानकाला सर्दी झाली. रेडिओवर बोलणारी एक मुलगी आहे. ती तयार आहे.”

आयुष्यात बाईंनी फारशी कसली हाव धरली नव्हती. पण आपण घरी बसल्यावरही सीमानाक्याची गाडी आपल्याच आवाजात लागावी, एवढं त्यांना फार, फार हवं होतं. हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदाच कळलं.

“त्या मुलीला अजून होकार देऊ नका,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्डिंगच्या दिवशी आवाज लागेल माझा.”

“कुठून आणणार?”

“ते माझ्यावर सोडा.”

कुठून आणायचा ते बाईंना ठाऊक होतं. मागे बहिणीकडे राहायला गेल्या होत्या तेव्हा खाकी पंप घरीच विसरला होता. आठवडा जातो न जातो तोच घसा मोकळा झाला. घरी आल्या, पंप सुरू केला, पुन्हा घोगरा. तेव्हा त्यांनी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली होती, की आवाजाचा चोर हा खाकीच. डॉक्टरांना मात्र सांगितलं नव्हतं. दाराबाहेर पडलेल्या पायाला काय सांगणार?

त्या संध्याकाळपासून खाकी पंप कपाटात गेला, लोकरीच्या कपड्यांच्या मागे.

यजमानांच्या लक्षात आलं ते साबणावरून. साबणाची वडी झिजायचं नावच घेईना.

“काय गं, हल्ली तोंड धूत नाहीस पंपानंतर?”

“धुते की.”

“साबण तर कोरडा ठणठणीत आहे. पंप कुठाय?”

बाईंनी आधी टोलवाटोलवी केली आणि मग सांगून टाकलं. यंत्र, रेडिओवरची मुलगी, सगळं. यजमान गुडघे चोळत ऐकत राहिले.

“खाकी म्हणजे रोजचं ऑइल,” ते म्हणाले. “निळा म्हणजे धक्का. ऑइल बंद करून रोज धक्का मारलास तर गाडी किती दिवस चालेल?”

“महिनाभर चालली तरी पुष्कळ.”

“आणि घाटात बंद पडली तर?”

“तर उतरून ढकला! एवढी वर्षं माझ्या हाकेवर गाडी काढलीत, आता एक महिना कळ काढा.”

“आवाज गेला तर जाऊ दे गं,” ते एकदम म्हणाले. “तू राहा. मी आवाजावर भाळलो होतो, खरं आहे. पण राहिलो तुझ्यापाशी.”

असलं काही ते कधी बोलत नसत. पण खाकी पंप बाईंनी कपाटातून काढला नाही.

आवाज खरंच आला. हळूहळू आला, पण आला. सकाळचा घोगरेपणा आधी गेला, मग गिळले जाणारे शब्द परत मिळाले. “भोंगा दुरुस्त झाला!” ड्रायव्हर म्हणाले. साहेबांनीही खालून मान वर करून हात हलवला. पण दुसऱ्या बाजूनं दम आटत चालला होता. पहाटे खोकल्याची उबळ यायची आणि बाई उशीला पाठ टेकून उजाडायची वाट बघायच्या. खोलीचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायच्या. खाली गाड्या सुरू झाल्या की धूर वर यायचा आणि छातीत कुणीतरी दोरी आवळायचं. निळा पंप आधी दिवसाकाठी एकदा लागायचा, मग दर निवेदनाआधी. त्यानं छाती धडधडायची, हात थरथरायचे, आणि लाल बटण दाबताना बोट दुसरीकडेच जायचं. सीमानाक्याचं निवेदन त्या अजून एका दमात म्हणत होत्या. ते झालं की डोकं टेबलाला टेकून बसायच्या. वरच्या खोलीतलं खाली कुणाला दिसत नव्हतं.

रेकॉर्डिंग ठेवलं होतं सामानाच्या खोलीत, कारण तिला खिडकी नव्हती. आवाज घुमू नये म्हणून रेकॉर्डिंगवाल्यानं ड्रायव्हरांच्या विश्रांतीगृहातली घोंगडी आणून चारी भिंतींवर टांगली होती. ती कोणत्या साली झटकली होती देव जाणे! बाई आत शिरल्या आणि त्यांच्या नाकाला पहिल्यांदा धूळ कळली. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. दार लावून घेतलं, पंखा बंद झाला.

बाईंनी पोट भरून श्वास घेतला आणि सुरू केलं, “जुना पूल, लाकूडवखार, वीटभ—”

“थांबा, थांबा,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला. “वाक्य नको, बाई. शब्द द्या.”

“म्हणजे?”

“एकेक सुटा शब्द. फलाट. थांबा. क्रमांक. थांबा. एक, दोन, तीन. गावं वेगळी. यंत्र हवं तसं जोडून घेतं.”

“पण मी हे एका दमात म्हणते.”

“त्याची गरजच नाही ना आता,” तो समजुतीनं म्हणाला. “उलट तुमचा त्रास वाचला.”

ज्या दमासाठी बाई महिनाभर जिवावर उदार झाल्या होत्या, तो इथे कुणी मागतच नव्हतं. पण भांडणार कुणाशी? हा बिचारा आपलं काम करत होता. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “फलाट.”

“सुरेख. पुढे.”

“क्रमांक.”

“एक मिनिट.” त्यानं कानावरचा हेडफोन घट्ट दाबला. “कुठेतरी शिट्टी वाजतेय.”

त्यानं वायर हलवून पाहिली. दिव्याचं बटण पाहिलं. बाहेर जाऊन कुणाला तरी ओरडून आला. पुन्हा कानाला हेडफोन लावला. “अजून वाजतेय. बारीक आहे. येतेय, जातेय.”

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी श्वास रोखला.

“आता बंद झाली,” तो म्हणाला. मग त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली. “बाई, आपण परवा करू या का?”

“परवा ती रेडिओवाली येईल. घ्या तुम्ही.”

आणि मग बाईंनी युक्ती काढली. निळा पंप ओढायचा, थोडं थांबायचं, हवा आत घ्यायची, छाती बंद करायची, शब्द बोलायचा आणि त्यानं हात वर केला की मगच श्वास सोडायचा. शिट्टी सोडताना वाजायची, घेताना कमी. शब्दामागून शब्द गेले. सहा गेला, सात गेला, आणि ते दोन्ही बाईंनी असे स्वच्छ म्हटले की बहिऱ्यालाही घोळ होऊ नये. जुना पूल गेला, वीटभट्टी गेली, दोन्ही घाट गेले. रेकॉर्डिंगवाला दर वेळी “पाणी घेता?” विचारायचा आणि बाई मान हलवायच्या. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. त्या अंधुक उजेडात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“आता शेवटचं. हे मात्र सलग लागेल. आपला प्रवास सुखाचा होवो.”

बाईंनी हवा घेतली. आत फारशी गेली नाही. जेवढी गेली तेवढ्यावर त्यांनी ते वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एका पातळीवर. त्यानं हात वर केला. मग बाई खुर्चीतून हळूच खाली सरकल्या, आणि सरकताना त्यांनी टेबलावरचा माइक आधी नीट बाजूला केला.

पुढे काय झालं ते स्थानकातली माणसं अजून सांगतात. सातवर सीमानाक्याची गाडी उभी होती, मोठा दवाखाना तिच्याच वाटेवर. चौघांनी बाईंना उचलून पुढच्या बाकावर ठेवलं आणि ड्रायव्हरनं जी गाडी काढली ती दवाखान्याच्या दारातच उभी केली. जुना पूल, लाकूडवखार, वीटभट्टी, सगळे थांबे मागे गेले. उतरणाऱ्या एकाही माणसानं घंटी मारली नाही.

बाई शुद्धीवर होत्या, पण तोंडावर मास्क होता आणि त्यातून औषधाची वाफ येत होती. यजमान काठी टेकत आले तोवर त्यांना जरा बोलता येऊ लागलं होतं. सिस्टर दोन्ही पंप हातात घेऊन उभी होती. खाकी यजमानांनी लोकरीच्या कपड्यांमागून शोधून आणला होता.

“हा का बंद केलात, मावशी?”

“आवाज बसतो त्यानं.”

“नीट नाही घेतला तर बसणारच. घेतल्यावर तोंड धूत होतात ना?”

“धूत होते म्हणजे? साबण लावून!”

सिस्टरनं आधी बाईंकडे पाहिलं, मग यजमानांकडे. “साबण? तोंडाला?”

“मग! कपाळापासून हनुवटीपर्यंत. आणि ओठ घट्ट मिटून. औषधावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही कधी.”

सिस्टर त्यांच्या शेजारी बसली. तिला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. स्वतःच्या गालांवरून हात फिरवत ती म्हणाली, “मावशी, हे तोंड नाही हो.” मग तिनं आ केला आणि आत बोट दाखवलं. “हे तोंड. चूळ भरायची. घशापर्यंत पाणी नेऊन गुळणी करायची आणि थुंकून टाकायची. औषध तोवर छातीत पोचलेलं असतं. घशात चिकटून राहतं ते आवाज खातं.”

बाईंनी स्वतःच्या हनुवटीला हात लावून पाहिला.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “एवढी वर्षं...”

“एक चूळ,” सिस्टर म्हणाली. “आणि ही नळकांडी लावून घ्या पंपाला, म्हणजे घशात कमी बसेल. दोन्ही टिकतील मग, दमही आणि आवाजही.”

यजमान हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “गावात एवढं स्वच्छ तोंड दुसऱ्या कुणाचं नसेल,” ते म्हणाले. बाईंना राग आला. डॉक्टरांचा आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मग रडू आलं. रडलं तर दम लागेल म्हणून त्या जपून रडल्या.

त्यानंतर त्यांनी खाकी पंप सोडला नाही. पंप, श्वास, आणि खळखळून गुळणी. पहिल्या दिवशी आईची आठवण येऊन पाणी तोंडात घ्यायला धीर होईना. पण घेतलं. पहाटेचा खोकला गेला, जिना एका टप्प्यात चढता यायला लागला, निळा पंप पर्समध्ये तळाला जाऊन पडला. आणि आवाज! आवाज असा लागला की बाईंना स्वतःलाच नवल वाटावं. तरुणपणीही तो इतका मोकळा नव्हता.

तोवर यंत्र सुरू झालं होतं. काचेच्या खोलीला कुलूप लागलं आणि बाई उरलेल्या महिन्यांसाठी खाली पासच्या खिडकीत बसू लागल्या. डोक्यावर त्यांचाच आवाज दिवसभर बोलायचा. “जुना पूल. लाकूडवखार. वीटभट्टी.” दोन शब्दांमध्ये खड्डा, जणू बाई रुसून एकेक शब्द मोजून देत आहेत. ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ हे तेवढं सलग होतं. त्यातल्या ‘सुखाचा’वर एक बारीक शिट्टी राहून गेली होती. ती बाईंशिवाय कुणाला ऐकू येत नव्हती.

बाई एकदा साहेबांकडे गेल्या. “साहेब, पुन्हा घ्या रेकॉर्डिंग. आता आवाज बघा माझा.”

साहेबांनी ऐकला. “वा!” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. “पण आता कशाला, बाई? चाललंय की. एकही माणूस चुकीच्या फलाटावर जात नाही. तो रेकॉर्डिंगवाला पुन्हा यायचा, घोंगडी टांगायची, आणि तुम्हाला काही झालं तर? राहू दे.”

साहेबांचं काही चुकत नव्हतं. बाई परत खिडकीत येऊन बसल्या. “पास नूतनीकरण का नवीन?” त्यांनी समोरच्याला विचारलं. तो चमकून आधी त्यांच्याकडे आणि मग वर भोंग्याकडे बघायला लागला.

निवृत्तीनंतरची पहिली सकाळ. बाहेर यजमान चहाचा कप घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. यंत्र बसल्यापासून ते स्थानकाकडे फिरकले नव्हते. बाईंनी खाकी पंप घेतला, श्वास धरला, सोडला. बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, मान मागे टाकून गुळणी केली, थुंकली. तोंड पुसलं. आरशात एक बाई उभी होती आणि तिला आज कुठे जायचं नव्हतं. त्यांनी पोट भरून हवा घेतली.

“जुना पूल, लाकूडवखार, वीटभट्टी, धरण वसाहत, खालचा घाट, वरचा घाट, मोठा दवाखाना आणि टेकडीमार्गे सीमानाक्याला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे.”

मध्ये श्वास नव्हता. बाहेर बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. यजमान खुर्चीच्या हाताला धरून, गुडघे सांभाळत, उठून उभे राहिले होते आणि शर्ट आत खोचत होते.